दुखण्यावरची गोळी, जठराचे अस्तर आणि रक्ताचा ओघ

गुडघेदुखी, कंबरदुखी किंवा दाढदुखीसाठी घेतलेल्या गोळीने पोटात जळजळ सुरू झाली, की आपल्याकडे सगळा दोष आम्लाच्या माथी मारला जातो. 'पित्त वाढले' असे म्हणून मेडिकलमधून पित्ताची गोळी आणली जाते आणि पुढच्या वेळी दुखण्याच्या गोळीसोबत तीही घेतली जाते. हा उपाय निरर्थक आहे असे नाही. आम्ल कमी केल्याने अस्तराला फायदा होतो, हे सिद्ध झालेले आहे. पण आम्ल जठरात रोजच असते, गोळी न घेतलेल्या दिवशीही असते, आणि तरीही जठर स्वतःला पचवून टाकत नाही. औषधशास्त्र शिकवत असताना मी विद्यार्थ्यांना नेहमी विचारत असे, की आम्ल तेवढेच असेल तर गोळीने नेमके काय बदलले. या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग अस्तराच्या मागच्या बाजूने येणाऱ्या रक्ताशी निगडित आहे. जठराच्या पोकळीत पाहून तो सापडत नाही, आणि बहुधा त्यामुळेच तो रुग्णांपर्यंत क्वचित पोहोचतो.

येथे दाहशामक वेदनाशामके म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, इंडोमेथॅसिन आणि ॲस्पिरिन या कुळातील औषधे मला अभिप्रेत आहेत. पॅरासिटामॉल ताप आणि दुखणे कमी करते, पण सूज फारशी कमी करत नाही आणि नेहमीच्या मात्रेत जठराच्या अस्तराला त्रासही जवळपास देत नाही. तेव्हा ते या चर्चेबाहेर ठेवू.

जठराचे श्लेष्मल अस्तर, म्हणजे श्लेष्मा हा बुळबुळीत स्राव सोडणारा आतला थर, सुमारे एक मिलिमीटर जाडीचे असते. त्याच्या खालच्या थरात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असून तेथून निघालेल्या केशवाहिन्या ग्रंथींच्या मधून सरळ वर चढतात आणि पृष्ठभागावरच्या पेशींच्या अगदी खाली जाऊन पसरतात. या रचनेत एक विलक्षण सोय आहे. आम्ल तयार करणारी पेशी पोकळीच्या बाजूला हायड्रोजनचा एक आयन सोडते, तेव्हा त्याच वेळी रक्ताच्या बाजूला बायकार्बोनेटचा एक आयन सोडते. हे बायकार्बोनेट, म्हणजे आम्लाचा उतारा, केशवाहिन्यांतून वर वाहत जाऊन पृष्ठभागावरच्या पेशींना मिळते, त्या पेशी ते श्लेष्म्याच्या थरात सोडतात, आणि परिणामी आम्ल जितके जास्त तयार होते तितका त्याचा उताराही वरच्या पेशींना जास्त मिळतो. पोकळीत सामू (पीएच; सात म्हणजे उदासीन, त्याहून कमी म्हणजे आम्लधर्मी) दोनच्या आसपास असताना पेशींच्या लगत, श्लेष्म्याच्या अगदी पातळ थराखाली, तो सातच्या जवळ राहू शकतो. हा फरक टिकवण्याचे श्रेय बहुतेक वर्णनांत श्लेष्म्याला दिले जाते, परंतु खालून बायकार्बोनेटचा पुरवठा थांबला तर श्लेष्मा एकट्याने ही आघाडी फार काळ लढवू शकत नाही.

रक्ताचे काम एवढ्यावर संपत नाही. थोडे आम्ल अस्तरात झिरपलेच, तर तेथील संवेदी मज्जातंतूंची टोके चाळवली जातात आणि त्यांच्यातून सीजीआरपी नावाचे पेप्टाइड बाहेर पडते. त्यामुळे नायट्रिक ऑक्साइड तयार होऊन धमनिका, म्हणजे अगदी बारीक धमन्या, रुंदावतात, काही मिनिटांतच त्या जागी रक्ताचा ओघ वाढतो, आणि झिरपलेले आम्ल पातळ होऊन, उदासीन होऊन वाहून जाते. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील पीटर होल्झर यांनी या तंतूंवर बरेच काम केले. हे तंतू मिरचीच्या तिखटपणाला कारणीभूत असलेल्या कॅप्सेसिनला प्रतिसाद देतात. कॅप्सेसिनच्या मोठ्या मात्रेने उंदरांमधील हे तंतू निकामी केले, तर रक्ताचा ओघ वाढण्याची ही प्रतिक्रिया नाहीशी होते आणि तेवढ्याच आघाताने अस्तराची हानी पुष्कळ जास्त होते.

मिरचीचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयांतर करतो. १९९५ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी १८ निरोगी स्वयंसेवकांना एकदा मिरचीची पूड पाण्यातून आणि एकदा नुसते पाणी देऊन त्यानंतर ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले, आणि दुर्बिणीने जठर तपासले. मिरची घेतलेल्या वेळी अस्तराची हानी कमी आढळली. ठेचा खाणाऱ्यांनी यावरून गोळी निर्धास्तपणे घ्यावी असा निष्कर्ष कोणी काढू नये. अभ्यास लहान होता, स्वयंसेवक निरोगी होते आणि गोळी एकदाच दिली होती. पण अस्तराचा बचाव संवेदी तंतू आणि रक्तवाहिन्या यांच्या संगनमतावर चालतो, ही कल्पना माणसातही लागू पडते, याचा हा एक रंजक संकेत आहे.

अस्तरातील रक्ताचे हे चढउतार डोळ्यांनी पाहण्याची संधी वैद्यकाला फार पूर्वी मिळाली होती. १८२२ मध्ये अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. तो वाचला, परंतु जखमेचे भोक कायम राहिले, आणि विल्यम बोमाँट या लष्करी शल्यचिकित्सकाने त्या भोकातून वर्षानुवर्षे जठराचे निरीक्षण करून १८३३ मध्ये ते प्रसिद्ध केले. पुढे १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये स्टुअर्ट वुल्फ आणि हॅरल्ड वुल्फ यांनी 'टॉम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पोटाला असेच छिद्र असलेल्या माणसाचा अभ्यास केला. टॉम संतापला की त्याच्या जठराचे अस्तर रक्ताने लाल होई, आणि तो घाबरला किंवा खचला की ते फिके पडे. रागाच्या वेळी चेहरा लाल होतो तसे जठरही होते, हे वर्गात सांगितले की शेवटच्या बाकावरचेही ऐकू लागत.

आता गोळीकडे वळू. बायर कंपनीने ॲस्पिरिन १८९९ मध्ये बाजारात आणले, आणि त्याने पोट बिघडते हे रुग्णांच्या लवकरच लक्षात आले होते. मात्र डोळ्यांनी पाहिलेला पुरावा मिळायला १९३८ साल उजाडावे लागले. लंडनच्या गायज रुग्णालयातील डाउथवेट आणि लिंटॉट यांनी त्या वर्षी गॅस्ट्रोस्कोपमधून ॲस्पिरिनचा जठरावर होणारा परिणाम पाहून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. अस्तरावर गोळीचे कण चिकटलेल्या ठिकाणी लाली आणि रक्तस्राव दिसला होता. साहजिकच सर्वांचा समज असा झाला की गोळी जेथे टेकते तेथे ती भाजते. १९६० च्या दशकात अमेरिकेतील मिशिगनच्या होरेस डेव्हनपोर्ट यांनी त्यात मोलाची भर घातली. ॲस्पिरिनमुळे अस्तराचा आम्लाला असलेला अटकाव ढासळतो आणि पोकळीतले आम्ल उलट अस्तरात शिरू लागते, हे त्यांनी दाखवले. या दोन्ही गोष्टी आजही खऱ्या आहेत. ॲस्पिरिन स्वतः सौम्य आम्ल असल्यामुळे जठरातील तीव्र आम्लात ते विद्युतभाररहित राहते, पेशीच्या आवरणातून सहज आत जाते, आतल्या उदासीन वातावरणात त्याचे आयनीभवन होते, आणि मग ते तेथेच अडकून पेशीची ऊर्जानिर्मिती बिघडवते. पण एवढ्याने सगळे कोडे सुटत नव्हते. ज्यांना औषध इंजेक्शनने किंवा गुदमार्गे दिले जाई, ज्यांच्या जठराला गोळीचा स्पर्शही होत नसे, त्यांनाही व्रण (अल्सर) होत होते.

कोड्याची किल्ली १९७१ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये सापडली. जॉन व्हेन यांनी गिनीपिगच्या फुप्फुसांच्या लगद्यावर प्रयोग करून दाखवले, की ॲस्पिरिन आणि त्याच्यासारखी औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होऊ देत नाहीत. सूज, वेदना आणि ताप यांत प्रोस्टाग्लँडिनचा हात असतो, म्हणून ही औषधे त्यांवर चालतात. व्हेन यांनी त्याच वेळी पुढचा तर्कही मांडला, की औषधाचा गुण आणि औषधाचा अपाय हे एकाच क्रियेतून निघत असावेत. १९८२ मध्ये त्यांना बर्गस्ट्रम आणि सॅम्युअलसन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

जठराच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन ई-२ आणि प्रोस्टासायक्लिन हे दोन पदार्थ सतत थोडेथोडे तयार होत असतात. ते श्लेष्मा आणि बायकार्बोनेट वाढवतात, आम्ल थोडे कमी करतात, आणि या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे धमनिकांच्या भिंतींतील स्नायू सैल ठेवतात. लंडनमधील मेन आणि व्हिटल यांनी १९७० च्या दशकात उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की प्रोस्टाग्लँडिन दिल्यावर अस्तरातील रक्ताचा ओघ वाढतो, आणि इंडोमेथॅसिनसारखे औषध दिल्यावर विश्रांतीच्या अवस्थेतील ओघ कमी होतो. १९७९ मध्ये अमेरिकेतील अपजॉन कंपनीचे आंद्रे रॉबर्ट यांनी आणखी चकित करणारी गोष्ट मांडली. उंदरांच्या जठरात निर्जल अल्कोहोल घातले की अस्तर करपते. त्याआधी प्रोस्टाग्लँडिनची अत्यल्प मात्रा दिली, इतकी अल्प की तिने आम्ल मुळीच कमी होऊ नये, तरी अस्तराचा मोठा भाग वाचतो. म्हणजे आम्लाला हातही न लावता अस्तराचे रक्षण करता येते. पुढील अभ्यासांत असे आढळले, की अशा वेळी अगदी वरच्या थरातील पेशी मरतातच, पण खालच्या केशवाहिन्या शाबूत राहतात, आणि त्या शाबूत असल्या की आजूबाजूच्या पेशी सरकत येऊन उघडा पडलेला भाग काही तासांत झाकून टाकतात. वाहिन्या फुटल्या आणि रक्त साकळले, तर तेथे दुरुस्ती होत नाही, व्रण होतो. माझ्या मते या विषयातले हे सर्वांत बोलके निरीक्षण आहे, कारण नुसता ओरखडा आणि व्रण यांच्यातील सीमारेषा रक्तवाहिन्या ठरवतात, हे त्यातून डोळ्यांसमोर उभे राहते.

हा ओघ मोजतात कसा, तेही सांगायला हवे. भूल दिलेल्या उंदराचे जठर उघडून अस्तरावर एक बारीक शलाका टेकवली जाते. तिच्यातून लेझरचा प्रकाश ऊतीत शिरतो, धावत्या तांबड्या पेशींवरून परावर्तित होताना त्याची वारंवारता किंचित बदलते, आणि त्या बदलावरून पडद्यावर एक थरथरती रेषा उमटत जाते. औषध दिल्यावर ती रेषा हळूहळू खाली सरकते. यंत्र जे आकडे देते ते सापेक्ष असतात, मिनिटाला किती मिलिलिटर असा हिशेब त्यातून थेट मिळत नाही, आणि श्वासाने किंवा जठराच्या हालचालीने शलाका जरा जरी हलली तरी रेषा उड्या मारते. दुर्बिणीतून हीच शलाका माणसाच्या जठरातही नेता येते, मात्र माणसातील मोजमापे उंदरांइतकी एकसारखी येत नाहीत, हे प्रामाणिकपणे नमूद करायला हवे.

ओघ कमी होण्याची कारणेही एकाहून अधिक आहेत. धमनिका आकुंचन पावतात, हे पहिले. दुसरे म्हणजे जठराच्या भिंतीचे स्नायू जोराने आकुंचन पावू लागतात; क्योटोचे कोजी ताकेउची यांनी उंदरांमध्ये दाखवले, की इंडोमेथॅसिननंतर अस्तराच्या घड्या ताठ उभ्या राहतात आणि जखमा नेमक्या त्या घड्यांच्या माथ्यावर होतात, जेथे दाबामुळे रक्त पोहोचायला सर्वाधिक अडचण असते. तिसरे कारण पांढऱ्या पेशींचे आहे. प्रोस्टाग्लँडिन नसले की न्यूट्रोफिल पेशी सूक्ष्म वाहिन्यांच्या आतल्या भिंतीला चिकटू लागतात, वाट अडवतात, आणि त्यांच्यातून सुटणारी क्रियाशील ऑक्सिजन-संयुगे व विकरे (एन्झाइम) भिंतीची हानी करतात. कॅनडातील जॉन वॉलेस यांनी १९९० मध्ये दाखवले, की ज्या उंदरांच्या रक्तातील न्यूट्रोफिल आधीच कमी करून ठेवले होते, त्यांच्या जठराला औषधाने फारच कमी इजा झाली.

येथपर्यंतची कथा वाचून 'गोळीने रक्त कमी होते, रक्त कमी झाले की व्रण होतो' असा सरळ हिशेब मांडावासा वाटतो. तो अपुरा आहे. प्रोस्टाग्लँडिन तयार करणारे सायक्लोऑक्सिजनेज (थोडक्यात कॉक्स) हे विकर दोन प्रकारचे आहे, हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कळले. कॉक्स-१ जठरात कायम काम करत असते आणि कॉक्स-२ मुख्यतः सूज आल्यावर वाढते. तेव्हा जठराला धोका फक्त कॉक्स-१ अडवल्याने असणार, असे सर्वांनी गृहीत धरले. परंतु १९९५ मध्ये कॉक्स-१ चे जनुकच नसलेले उंदीर तयार करण्यात आले, तेव्हा त्यांच्या जठरातील प्रोस्टाग्लँडिन नेहमीच्या एका टक्क्याहूनही कमी असूनही त्यांना आपणहून व्रण झाले नाहीत. त्यानंतर २००० मध्ये वॉलेस आणि सहकाऱ्यांनी एक नेटका प्रयोग केला. फक्त कॉक्स-१ अडवणारे औषध दिल्यावर उंदरांच्या अस्तरातील रक्ताचा ओघ घटला, पण जखमा झाल्या नाहीत. फक्त कॉक्स-२ अडवणारे सेलेकॉक्सिब दिल्यावर पांढऱ्या पेशी वाहिन्यांना चिकटल्या, पण तरीही जखमा झाल्या नाहीत. दोन्ही एकत्र दिली तेव्हा मात्र जखमा झाल्या.

म्हणजे एका बाजूने ओघ कमी होणे आणि दुसऱ्या बाजूने वाहिन्यांच्या भिंतींवर पांढऱ्या पेशींची गर्दी होणे, हे दोन्ही आघात एकदम झाले की अस्तर हरते. आणि डायक्लोफेनॅक, इंडोमेथॅसिन यांसारखी नेहमीची औषधे दोन्ही विकरे अडवत असल्यामुळे हे दोन्ही आघात एकाच गोळीतून होतात. रक्तप्रवाह घटणे ही व्रणाची पुरेशी अट नाही, पण एकदा अस्तर कमकुवत झाले की पोकळीतील आम्ल, पेप्सिन हे प्रथिने पचवणारे विकर आणि असेल तर हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू यांना मोकळे रान मिळते. आम्लाचा दोष आहे तो येथे, दुसऱ्या अंकात.

ही गोष्ट समजली की घरोघरी चालणारे काही समज तपासून पाहता येतात. आतड्यात विरघळणाऱ्या लेपाची गोळी घेतली तर जठर सुरक्षित राहते, असे अनेकांना वाटते. लेपामुळे गोळीचा थेट चटका टळतो हे खरे, परंतु औषध रक्तात शिरून पुन्हा जठराच्या अस्तरापर्यंत पोहोचते आणि तेथील विकर अडवतेच. भिंतीत ओल आतून येत असेल तर बाहेरून कितीही चांगला रंग लावला तरी तो फुगून येतो, तसाच हा प्रकार. लेपाच्या ॲस्पिरिनने जठरातील गंभीर रक्तस्राव टळतो, असे अभ्यासांत दिसलेले नाही. 'पोटाला त्रास नको म्हणून इंजेक्शनच द्या' या आग्रहालाही तेच उत्तर आहे. काहीतरी खाऊन गोळी घ्यावी, या सल्ल्याने मळमळ आणि जळजळ कमी होते आणि तो मोडण्याचे कारण नाही, पण दोन बिस्किटांनी प्रोस्टाग्लँडिन परत येत नाही. सांध्यावर चोळण्याचे मलम मात्र खरोखर वेगळे आहे, कारण त्यातून रक्तात जाणारे औषध गोळीच्या तुलनेत फारच थोडे असते. गुडघा किंवा हाताची बोटे यांसारख्या वरवरच्या सांध्यांसाठी ते आधी वापरून पाहावे, असे मला वाटते. आपल्याकडे मलम म्हणजे लहान मुलांची समजूत असे मानून ते बाजूला ठेवतात, हे बरोबर नाही.

गेलेले प्रोस्टाग्लँडिन बाहेरून भरून देण्याचा उपाय तर्काला सर्वांत धरून आहे, आणि तो उपलब्धही आहे. मिसोप्रोस्टॉल हे प्रोस्टाग्लँडिनसारखे कृत्रिम औषध अमेरिकेत १९८८ मध्ये याच कामासाठी मंजूर झाले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ८,८४३ संधिवाताच्या रुग्णांवरील चाचणीत त्याने जठर आणि पक्वाशय (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) यांतील गंभीर गुंतागुंत सुमारे ४० टक्क्यांनी कमी केली. पण ते दिवसातून अनेकदा घ्यावे लागते, जुलाब आणि पोटात कळा यांमुळे पुष्कळ रुग्ण ते सोडून देतात, आणि गर्भाशय आकुंचन पावत असल्याने गरोदर स्त्रियांना ते देता येत नाही. त्यामुळे व्यवहारात आम्ल दाबणाऱ्या ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या गोळ्यांनी बाजी मारली. त्या रक्ताचा ओघ पूर्ववत करत नाहीत. कमकुवत झालेल्या अस्तरावर चालून येणारा शत्रू तेवढा कमी करतात, आणि जठर व पक्वाशय यांच्यापुरता तो उपाय चांगला लागू पडतो.

दुसरा मार्ग फक्त कॉक्स-२ अडवण्याचा होता. सेलेकॉक्सिब आणि रोफेकॉक्सिब ही औषधे १९९० च्या दशकाच्या अखेरीस आली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत रोफेकॉक्सिबमुळे जठराची गंभीर गुंतागुंत नॅप्रोक्सेनच्या तुलनेत निम्म्यावर आली, पण हृदयविकाराचे झटके वाढलेले दिसले, आणि सप्टेंबर २००४ मध्ये ते औषध जगभरातून मागे घेतले गेले. या प्रकरणाचा आपल्या विषयाशी संबंध आहे तो असा, की रक्तवाहिन्यांना सैल ठेवणारे आणि रक्त गोठू न देणारे प्रोस्टासायक्लिन हृदयाच्या वाहिन्यांतही लागते, आणि ते तयार करण्यात कॉक्स-२ चा मोठा वाटा असतो. नायट्रिक ऑक्साइड सोडणारे नॅप्रोक्सेन तयार करून रक्तवाहिन्या उघड्या ठेवण्याचा प्रयत्नही झाला. कल्पना सुंदर होती, पण अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१० मध्ये त्याला मंजुरी नाकारली.

हृदयासाठी रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांबद्दल वेगळे सांगायला हवे. ॲस्पिरिन सायक्लोऑक्सिजनेजला कायमचे बाद करते. रक्तबिंबिकांना केंद्रक नसल्यामुळे त्या नवे विकर बनवू शकत नाहीत आणि त्यांच्या उरलेल्या आयुष्यात, म्हणजे सुमारे आठ-दहा दिवसांत, त्यांची रक्त गोठवण्याची ताकद कमीच राहते. त्यामुळे अस्तराला लहानशी जखम झाली तरी रक्त थांबायला वेळ लागतो. अशा व्यक्तीने सांधेदुखीसाठी स्वतःच्या मनाने डायक्लोफेनॅकची भर घातली, की धोका पटीत वाढतो. मात्र या भीतीने हृदयाचे ॲस्पिरिन स्वतःहून बंद करणे हेही घातकच आहे. तो निर्णय डॉक्टरांचा आहे.

वय ६५ च्या पुढे, पूर्वी व्रण झालेला, रक्त पातळ करणारी औषधे चालू, स्टेरॉईड चालू, अशा लोकांनी ही गोळी विचारल्याशिवाय घेऊच नये. प्रत्यक्षात आपल्याकडे काउंटरवर पट्टीतून चार गोळ्या कापून कागदी पाकिटात मिळतात, पाकिटावर सकाळ-संध्याकाळच्या खुणा असतात, आणि ती गोळी ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची आहे की आणखी कशाची, हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. बाजारात सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या मिळतात त्यांचे तर विचारूच नका; अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळल्याची प्रकरणे यापूर्वी उघडकीस आली आहेत, आणि स्टेरॉईडवर दाहशामक गोळी पडली की जठराचे हाल काय होतात, हे अतिदक्षता विभागात काम केलेल्यांना माहीत असते.

दुर्बिणीतून पाहिले तर या गोळ्यांच्या खुणा बहुधा जठराच्या खालच्या, पक्वाशयाकडच्या भागात दिसतात: लालसर अस्तरावर टाचणीच्या डोक्याएवढे, मधोमध काळपट ठिपका असलेले ओरखडे. तो काळपटपणा म्हणजे आम्लाने काळवंडलेले रक्त असते. शौच डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे होते ते याच कारणाने. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण त्याला तो चिकटपणा आणि तो वास नसतो. गोळी वेदनाशामक असल्यामुळे व्रणाची वेदनाही दबून राहू शकते, आणि अनेक रुग्णांत, विशेषतः वयस्करांत, आधी कसलीही पोटदुखी न होता थेट रक्तस्रावच समोर येतो. म्हणूनच 'मला काहीच त्रास होत नाही' हे वाक्य मला कधीच पुरेसे वाटत नाही.

जठराच्या पुढचा भागही लक्षात ठेवावा लागतो. लहान आतड्यात आम्ल नसते, तरीही या गोळ्यांनी तेथे जखमा होतात. तेथे पित्तरस आणि जिवाणू आम्लाची जागा घेतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४० निरोगी स्वयंसेवकांना दोन आठवडे डायक्लोफेनॅक आणि त्यासोबत ओमेप्राझोल देऊन, गिळता येणाऱ्या कॅमेऱ्याने आतडे तपासले, तेव्हा ६८ टक्के लोकांच्या आतड्यात नव्या जखमा किंवा दाहाच्या खुणा सापडल्या. आम्ल दाबणारी गोळी तेथे कामाची नाही. त्यामुळे महिनोन्महिने दाहशामक गोळी घेणाऱ्याचे हिमोग्लोबिन कारण न कळता उतरत असेल आणि जठराची दुर्बीण तपासणी स्वच्छ आली असेल, तर रक्त लहान आतड्यातून झिरपत असण्याची शक्यता डॉक्टरांशी स्पष्टपणे बोलून घ्यावी, आणि त्या वेळी गोळीचे नाव, मात्रा आणि ती किती महिने चालू आहे, हे कागदावर लिहून सोबत न्यावे.